केमिकल इंजिनीअरिंगची नवी बिल्डिंग बघायला जाताय? लॉबी सोडा, छताकडं बघा

केमिकलची बिल्डिंग बघायची तर पावसाळ्यात बघायची आणि प्रॅक्टिकल चालू असताना बघायची. आपल्याकडं कॅपचे, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचे राऊंड साधारण जून ते ऑगस्टच्या आसपासच येतात त्यामुळे पाऊस फुकटात मिळतो, प्रॅक्टिकलची वेळ मात्र विचारून घ्यावी लागते. रविवारी किंवा ओपन डेला गेलात तर पुसलेल्या फरश्या, बंद मशिनी आणि दारात रांगोळी दिसेल, बाकी काही नाही.

नवी बिल्डिंग म्हटलं की पालक खूष, पोरं खूष. ब्रोशरवर काचेचा दर्शनी भाग, आत ग्रॅनाईट, एलईडी, लिफ्ट. कॉम्प्युटरच्या डिपार्टमेंटला एवढं चालून जातं, पण केमिकलची बिल्डिंग म्हणजे स्वतःच एक छोटा प्लांट असतो, तिच्यात हवा, पाणी, स्टीम, गॅस, सॉल्व्हंट आत येतात आणि वाफा, सांडपाणी, केमिकलचा कचरा बाहेर जातो. हे सगळं कुठून येतं नि कुठं जातं ते नीट बघितलं की बिल्डिंग कशी आहे ते कळतं, आणि दुसरी गोष्ट म्हणजे आतली मशिनरी नुसती आहे की खरंच चालते. माझं सगळं सांगणं या दोनच गोष्टींभोवती आहे.

आधी परमिशन. माटुंग्याची आयसीटी असो, नागपूरचं एलआयटी असो, लोणेऱ्याचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असो, कॅम्पसमध्ये जाणं वेगळं आणि लॅबमध्ये जाणं वेगळं. डिपार्टमेंटच्या ऑफिसला चार दिवस आधी मेल टाका, सोबत कोण येणार ते लिहा आणि स्पष्ट लिहा की युनिट ऑपरेशन्सची (पंप, कॉलम, हीट एक्स्चेंजरवाली) लॅब चालू असताना बघायचीय, कारण नुसतं कॅम्पस व्हिजिट लिहिलंत तर सेमिनार हॉलमध्ये बसवून पीपीटी दाखवतात आणि चहा-बिस्किटावर बोळवण होते. उत्तर नाही आलं तर सरळ फोन करा, ऑफिसमधल्या क्लार्कना नीट बोललात तर ते कुठल्या बॅचचं प्रॅक्टिकल कधी असतं ते सांगतात.

कपड्यांचं पण सांगून ठेवतो कारण हे कोणी सांगत नाही. पायात बंद बूट, चप्पल-सँडल नको. फुल पँट, शक्यतो सुती. केस बांधलेले. आई सोबत असेल तर पदर खोचून आणि ताईची ओढणी बांधून किंवा बाहेर ठेवून, कारण पंपाचं कपलिंग गरागरा फिरत असतं आणि प्रत्येकावर गार्ड असेलच असं नाही. वर जाळीच्या ग्रेटिंगवर चढायचं असेल तर वरच्या खिशातला मोबाईल आधी काढून ठेवा, वाकलात की तो जाळीतून थेट खालच्या मजल्यावर. गॉगल त्यांनी स्वतःहून हातात दिला तर पहिला मार्क तिथंच द्या. मागून पण मिळाला नाही आणि सगळे तसेच आत फिरतायत असं दिसलं तर तेही लक्षात ठेवा.

आता आत गेल्यावर लॉबीत फोटो काढा काय काढायचे ते आणि पुढं चला. पहिला प्रश्न विचारायचा की हाय बे कुठं आहे, म्हणजे दोन-तीन मजले उंच असलेला, मधे स्लॅब नसलेला हॉल. डिस्टिलेशन कॉलम उभाच असतो, खालून वाफ वर चढते, वरून द्रव खाली उतरतो, आणि पायलट स्केलचा कॉलम, वर त्याचा वाफ गार करणारा कंडेन्सर, तिथून गुरुत्वाकर्षणाने खाली येणारा रिफ्लक्स, म्हणजे कॉलममध्ये परत सोडलेला द्रव, एवढं सगळं बसवायला उंची लागतेच. बिल्डिंग बांधताना ही मोकळी उंची सगळ्यांच्या डोळ्यात खुपते, कारण तेवढ्या जागेत आणखी दोन-चार वर्ग निघाले असते ना. म्हणून ज्या विद्यापीठाने ती जागा सोडलीय तिथं प्लॅन काढताना कोणीतरी केमिकलवाला टेबलावर बसला होता असं समजायला हरकत नाही. सगळेच मजले ऑफिससारखे साडेतीन मीटरचे असतील तर आत टेबलावर मावणारे डेमो सेटअप मिळणार, त्यावर शिकता येत नाही असं नाही, पण वाल्व हाताने फिरवून कॉलम फ्लड करायची, म्हणजे आत द्रव तुंबवून बघायची मजा त्यात येत नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात केमिकल इंजिनीअरिंगच्या पोरांसाठी कार्बन कॅप्चरचा चार मजली पायलट प्लांट आहे, वेगळ्या कंट्रोल रूमसकट. तेवढं आपण मागत नाही, पण उंची हवीच.

हॉलमध्ये उभं राहिलात की एक काम करा, ज्याला प्लांटवर आम्ही लाइन ट्रेस करणं म्हणतो. कुठलीही एक पाईप पकडा आणि बोट धरल्यासारखं तिच्या मागे मागे जा, टाकीतून पंप, पंपातून रोटामीटर (प्रवाह मोजायची नळी), तिथून हीट एक्स्चेंजर, तिथून परत टाकी किंवा ड्रेन. मधे कुठं तुटलेली, ब्लँक लावून बंद केलेली किंवा कशालाच न जोडलेली दिसली तर विचारा. नव्या बिल्डिंगमध्ये हे हमखास सापडतं, कारण उपकरणं शिफ्ट करायला एक आठवडा लागतो आणि परत जोडून, लीक काढून, चालू करायला कधीकधी अख्खं वर्ष जातं. कमिशनिंग चालूय असं उत्तर प्रामाणिक आहे, त्यात वाईट काही नाही, फक्त पुढचं विचारा की तोपर्यंत पोरं प्रॅक्टिकल कुठं करतात. जुनी लॅब अजून चालू असेल तर ती पण बघून या.

पाईपांचे रंग पण बघा. आपल्याकडच्या इंडियन स्टँडर्डप्रमाणे पाण्याला समुद्री हिरवा, स्टीमला चंदेरी, कॉम्प्रेस्ड एअरला आकाशी निळा. रंग आणि बाणाची दिशा दोन्ही असेल तर शिकणाऱ्याचं निम्मं काम होतं. सगळ्या पाईपा एकाच छान पांढऱ्या रंगात रंगवल्या असतील तर तो रंग इंटिरियरवाल्याने निवडलाय.

मग वापराच्या खुणा शोधा. काचेच्या कंडेन्सरवर बोअरच्या पाण्याचा पांढरट थर, रोटामीटरच्या नळीवर पिवळसर डाग, पॅनेलवर मार्करने लिहिलेलं 'हा नॉब हळू फिरवा', भिंतीला लटकवलेली लॉगबुक आणि तिच्यात मागच्या आठवड्यातली एंट्री, हे सगळं चांगलं लक्षण. चकचकीत सेटअप, त्यावर अजून प्लास्टिकचं कव्हर आणि उद्घाटनाची रिबन, हे नाही. ज्या लॅबमध्ये मशिन बंद असतं तिथं रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून येतात, हे केमिकल केलेल्या कोणालाही विचारा, हसेल तो.

चालू असलेलं काही बघायला मिळालं तर रेनॉल्ड्सचा प्रयोग बघा, तो जवळपास सगळीकडं असतो. काचेच्या नळीतून पाणी वाहतं आणि मधोमध रंगाची बारीक रेघ सोडतात, वेग कमी असताना रेघ सरळ, वाढवला की ती विस्कटते. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचे गुण यांवरून काढलेला आकडा, २१०० च्या खाली असेल तर प्रवाह शांत, म्हणजे लॅमिनार. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये हे दाखवलं, आणि गंमत अशी की त्याच उपकरणावर नंतर प्रयोग करून बघितला तेव्हा रेघ त्याच्यापेक्षा लवकर विस्कटायला लागली, कारण बाहेरच्या रस्त्यावरचं आजकालचं ट्रॅफिक. म्हणजे बिल्डिंग किती हलते हे पण त्या रेघेत दिसतं, चिलर किंवा मोठा ब्लोअर शेजारच्याच खोलीत बसवलाय का ते बघाच. (मँचेस्टरचंच आणखी एक, जॉर्ज डेव्हिसने केमिकल इंजिनीअरिंगवरची पहिली लेक्चर्स दिली ती तिथंच, १८८७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने केमिकल इंजिनीअरिंगचा कोर्स काढला.)

आता हवा. माझ्या मते इथंच नव्या बिल्डिंगचं खरं-खोटं होतं. रिसर्च लॅबमध्ये फ्यूम हूड असतील, काचेचं वर-खाली होणारं तोंड असलेली कपाटं. खिशातून टिश्यू पेपरची पट्टी काढा, परवानगी घेऊन चालू हूडच्या तोंडाशी धरा, पट्टी आत ओढली गेली पाहिजे. तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण अर्धा मीटर असावा लागतो, त्यापेक्षा खूप कमी असेल तर वाफ नाकात येते आणि खूप जास्त असेल तर तोंडाशीच भोवरे होऊन वाफ उलट बाहेर फेकली जाते, म्हणजे जास्त ओढतोय म्हणून चांगला असं नाही. हूडवर तपासणीची तारीख लिहिलेला स्टिकर असतो तो वाचा. आणि हूडच्या आत बाटल्यांचं गोदाम झालं असेल तर तो हूड राहिलाच नाही, कपाट झालंय.

दाराकडं पण लक्ष द्या. केमिकल लॅबमधली हवा कॉरिडॉरपेक्षा किंचित कमी दाबाची ठेवतात, म्हणजे दार उघडलं की कॉरिडॉरची हवा आत जाते, आतला वास बाहेर येत नाही. दारापाशी उभं राहून वास येतो का बघा, सरळ साधी टेस्ट. उलट दार उघडायला दोन्ही हात लागत असतील आणि फटीतून शिट्टी वाजत असेल तर हवा बाहेर काढायचे पंखे लावले पण तेवढी ताजी हवा आत यायची सोय केली नाही असं समजा, हे आपल्याकडं फार होतं कारण एक्झॉस्टचे पंखे दिसतात आणि मेक-अप एअर कोणाला दिसत नाही. सॉल्व्हंट वापरणाऱ्या लॅबमध्ये स्प्लिट एसी दिसला तर थांबा आणि विचारा ताजी हवा कुठून येते, कारण स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत बसतो, गार होते पण वास तसाच. चांगल्या लॅबमध्ये तासाला सहा ते बारा वेळा सगळी हवा बदलते आणि ती परत वापरत नाहीत, त्याचं लाइट बिल मोठं येतं, म्हणून विचारा पंखे रात्री बंद करतात का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर उत्तर मिळालं.

जमलं तर गच्चीवर जा. बहुतेक जण नेत नाहीत, पण विचारायला काय जातं. हूडचे पंखे गच्चीवरच असायला हवेत, म्हणजे बिल्डिंगच्या आतल्या पूर्ण डक्टमध्ये दाब कमी राहतो आणि कुठं भोक पडलंच तर हवा डक्टमध्ये जाते, डक्टमधली वाफ वर्गात येत नाही. चिमण्या गच्चीपासून किमान तीनेक मीटर उंच, तोंड सरळ आकाशाकडं. त्यावर पाऊस येऊ नये म्हणून टोपी बसवली असेल तर ती वाफ परत खाली ढकलते, आणि शेजारीच बिल्डिंगची ताजी हवा ओढणारी जाळी असेल तर काय होणार ते तुम्हीच बघा. पावसाळ्यात जायचं कारण पण इथंच आहे, नवीन बिल्डिंगचा पहिला-दुसरा पावसाळा म्हणजे तिची परीक्षा. डक्ट जिथं स्लॅबमधून खाली येतो तिथं ओल, पॅनेलच्या खाली बादली, कॉलमच्या मागे पोपडे आलेली भिंत, हे जानेवारीत कधी दिसणार नाही.

सेफ्टी शॉवर आणि आय वॉश पटकन बघून घ्या. नियम साधा आहे, डोळ्यात काही गेलं तर दहा सेकंदात तिथं पोचता आलं पाहिजे आणि पंधरा मिनिटं पाणी चालू राहिलं पाहिजे, म्हणजे वरची टाकी रिकामी असेल तर शॉवर नुसता शोभेचा. शॉवरखाली खोकी, जुन्या खुर्च्या, कोणाची सायकल ठेवलीय का बघा. टॅगवर आठवड्याच्या टेस्टची सही असेल तर मानलं.

सिलेंडर बाहेर, सावलीत, साखळीने बांधलेले हवेत, आणि आत फक्त बारीक लाइन आलेली हवी. हायड्रोजन लाल, ऑक्सिजन काळा पण खांद्याला पांढरा, नायट्रोजन करडा नि खांद्याला काळा, अर्गॉन मोरपंखी निळा, ॲसिटिलीन मरून. ह्या सगळ्यावर देखरेख करणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, तेव्हा नागपूरकरांनी तरी साखळी विसरू नये. गॅस डिटेक्टर कुठं लावलाय ते बघायला मला फार आवडतं, हायड्रोजन हलका म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ पाहिजे, एलपीजी जड म्हणून त्याचा फरशीजवळ. दोन्ही एकाच उंचीवर, सोयीने हात पोचेल तिथं लावले असतील तर लावणाऱ्याला गॅसचं काही पडलेलं नाही. लिक्विड नायट्रोजन वापरत असतील तर विचारा लिफ्टमधून वर कसा नेता. तो वाफ झाला की जवळजवळ सातशे पट पसरतो आणि बंद लिफ्टमधला ऑक्सिजन ढकलून देतो, म्हणून डबा एकटा लिफ्टमध्ये जातो आणि माणूस जिन्याने, हेच बरोबर उत्तर.

कचऱ्याचं विचारताना लाजू नका. वापरलेलं सॉल्व्हंट कुठं जातं? क्लोरिनवालं आणि बिनक्लोरिनवालं वेगळं ठेवता का? महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं घातक कचऱ्याच्या कॉमन फॅसिलिटी आहेत, तिकडं गाडी जाते का, की सिंकमध्ये ओतून वरून नळ सोडतात? सिंकखालची पाईप पण वाकून बघा, ॲसिडवाल्या लॅबमध्ये ती प्लास्टिकची, पॉलिप्रॉपिलीनची वगैरे असते.

कोणी म्हणेल एवढं खोदून काय विचारायचं, सगळं आहे ना बिल्डिंगमध्ये. भोपाळला पण सगळं होतं. १९८४ च्या डिसेंबरमध्ये त्या रात्री बाहेर जाणारा वायू धुणारा व्हेंट स्क्रबर होता पण स्टँडबायवर, वायू जाळून टाकणारा फ्लेअर होता पण दुरुस्तीसाठी लाइन सोडवलेली, टाकी थंड ठेवायचं रेफ्रिजरेशन होतं पण बंद. केमिकलला येणाऱ्या पोराला हे पहिल्याच वर्षी डोक्यात बसायला पाहिजे आणि ते बसतं ते त्याच्या लॅबमध्ये चालू-बंद काय आहे ते रोज बघून.

कंट्रोल रूम, सिम्युलेशन लॅब वगैरे फार वेळ घालवू नका, कॉम्प्युटर सगळीकडं सारखेच. एवढंच विचारा की अ‍ॅस्पेन या प्लांट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स किती जणांना एकावेळी चालतं. नसेल तरी ठीक, त्याच कामाचं डीडब्ल्यूसिम फुकट आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टने त्यावर भरपूर काम केलंय, त्यांच्याकडं बाहेरच्या कॉलेजची पोरं पण फ्लोशीट करून देतात. आणि जाताजाता, नॅकचं मूल्यांकन अख्ख्या संस्थेचं असतं आणि एनबीएची मान्यता एकेका कोर्सची असते, तेव्हा बोर्डवर ए प्लस प्लस बघून खूष न होता केमिकलच्या कोर्सला एनबीए आहे का ते वेगळं विचारा.

ग्लास ब्लोइंगची खोली दिसली तर मात्र थांबा. काचेची उपकरणं जागच्या जागी बनवून देणारा, तुटलेला कंडेन्सर जोडून देणारा माणूस ज्या डिपार्टमेंटमध्ये अजून आहे तिथं प्रयोग चालतात. ही खोली नव्या बिल्डिंगच्या प्लॅनमध्ये सगळ्यात आधी उडते.

एवढं सगळं वाचून जुन्या बिल्डिंगला नावं ठेवू नका. माटुंग्याचं डिपार्टमेंट मुंबई विद्यापीठाचं यूडीसीटी म्हणून १ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झालं, २००८ ला अभिमत विद्यापीठ होऊन आयसीटी झालं. प्रा. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये तिथं प्रोफेसर झाले आणि १९९० ला रॉयल सोसायटीचे फेलो. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर तिथंच शिकलेले, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. ती सगळी कामं काही चकचकीत लॉबीतून झालेली नाहीत. तिकडं जाणार असाल तर हार्बरने किंग्ज सर्कल किंवा सेंट्रलने माटुंगा, आणि परतताना फिल्टर कॉफी प्यायला वेळ ठेवा, माटुंग्याला जाऊन तसंच परत येणं बरोबर नाही.

बाहेर एमएसला जाणाऱ्यांना व्हिडिओ टूर मिळते, त्यात ड्रोनने बिल्डिंग दाखवतात आणि संगीत. तिथं शिकणारा कोणी मराठी सिनियर शोधा, सापडतोच, आणि त्याला सांगा फोन हातात धरून एकदा लॅबच्या दारापासून त्याच्या बेंचपर्यंत चाल आणि मधे काही एडिट करू नको. वरची हूडची आणि दाराची टेस्ट त्याच्याकडून करून घ्या.

शेवटी कॅन्टीनमध्ये टीईची (तिसऱ्या वर्षाची) पोरं गाठा, एफईची (पहिल्या वर्षाची) नको, त्यांना अजून काही माहीत नसतं. एका सेटअपवर किती जण असतात, वाल्व कोण फिरवतं नि रीडिंग कोण लिहितं, मागच्या सेममध्ये किती प्रॅक्टिकल खरंच झाली, एवढं विचारा. चार जणांची बॅच मस्त, आठ-दहा असतील तर दोघं काम करतात आणि बाकीचे भिंतीला टेकतात. मग परत वर जाऊन लॅबमधल्या मामांना भेटा, म्हणजे लॅब अटेंडंट, बिल्डिंगचं खरं त्यांनाच माहीत असतं. त्यांना विचारा, सर नसताना कॉलम कोण चालू करतं? मामा म्हणाले "मी नुसता उभा राहतो, पोरंच करतात" तर ऑप्शन फॉर्ममध्ये ते कॉलेज वर सरकवा. किल्ली सरांकडं असते असं म्हणाले तर नवी बिल्डिंग असू दे नाहीतर जुनी, दोन ऑप्शन खाली.